धुतलेली बाबागाडी

गुंडीने ओकायला जागा निवडली ती नेमकी बाबागाडी. आजीच्या खांद्यावर ओकली असती, चटईवर ओकली असती, शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर ओकली असती, तरी आजीने हसत पुसून टाकलं असतं. पण बागेतून घरी येताना, लिफ्टचं दार उघडायच्या आत, सात महिन्यांच्या त्या नातीने सकाळचं सगळं दूध गाडीच्या राखाडी गादीवर आणि छातीवरच्या पट्ट्यांवर रिकामं केलं, आणि वर दोन दात दाखवून हसली. गुंडी हे तिचं खरं नाव नव्हे. नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून बापाने ठेवलेलं. खरं नाव जन्माच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं.

आजीला हसू आलं नाही. दुसरा कुठला आठवडा असता तर आलं असतं. पण हा आठवडा तिच्या परीक्षेचा होता आणि आजचा शुक्रवार म्हणजे शेवटचा पेपर. सून सोमवारपासून कामावर रुजू होणार होती, आणि गुंडीला पाळणाघरात ठेवायचं की आजीकडे, यावर घरात महिनाभर खल चालला होता. खल म्हणजे काय, तर नवरा-बायको आतल्या खोलीत हळू आवाजात बोलायची आणि आजी स्वयंपाकघरात भांडी वाजवायची. शेवटी मुलाने तोडगा काढला. या आठवड्यात सुनेला नवं काम समजून घ्यायला ऑफिसात जायचंच होतं, तेवढे पाच दिवस आजीने एकटीने गुंडीला सांभाळून बघावं. शुक्रवारी संध्याकाळी पाळणाघराला हो की नाही ते कळवायचं. चार दिवस अगदी सुतासारखे सरळ गेले होते.

बाबागाडी सुनेच्या थोरल्या बहिणीने पाठवलेली होती. ती आली तो खोका एवढा मोठा होता की आजीचं कपड्यांचं कपाट त्यात मावलं असतं. किंमत ऐकून आजीने, एवढ्यात मूलही आतच बसून येतं का, असं विचारलं होतं. मुलगा हसला, सून हसली नाही. मऊ चामड्यासारखी मूठ, मागेपुढे सरकणारं टोपडं, चाकांना स्प्रिंगा, पायाने लागणारा ब्रेक. आजीच्या नवऱ्याने जन्मभर जी स्कूटर चालवली तिला यातलं निम्मंही धड नव्हतं. सून त्या गाडीला तळहातावरच्या फोडासारखी जपायची. फ्रिजवर तिने आपल्या गोलगोल अक्षरात एक कागद लावला होता. ओल्या फडक्याने नुसतं पुसणे, ब्लीच नाही, मशीन नाही, कडक ऊन नाही. सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, काही सांडलं तर आधी मला फोन.

तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. धुण्यातलं कोणी कोणाला शिकवावं? एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. शेवटची बारा वर्षं तर ती तिथली मुकादम होती, हाताखाली वीस बाया. रक्ताचे डाग, औषधांचे डाग, काय आहे ते न विचारलेलंच बरं असले डाग. सगळे तिच्या हातून गेलेले. डॉक्टरसुद्धा तिला मोठ्या बाई म्हणायचे, आणि एकदा तर मुख्य सर्जनने आपला लग्नातला कोट गुपचूप तिच्याकडे आणून दिला होता. अशा बाईला फ्रिजवरचा कागद सांगणार, ब्लीच नाही म्हणून.

तरी आजीने फोन उचलला. हे तिच्या बाजूने सांगायला हवं. गुंडीला पुसून, कपडे बदलून, झोपवून झाल्यावर तिने सुनेचा नंबर लावला. एक रिंग वाजली आणि तिच्या डोळ्यांसमोर सुनेचं तोंड आलं. सून रागावली नसतीच. ती ऑफिसात सगळ्यांसमोर उठली असती, बाजूला गेली असती, हळू आवाजात एकेक पायरी समजावून सांगितली असती, आणि शेवटी म्हणाली असती, राहू दे आई, मी आल्यावर करते. त्या ‘राहू दे’ची आजीला फार धास्ती होती. तिने फोन कापला. मिनिटाभरात सुनेचाच आला. आजी म्हणाली, चुकून लागला गं, गुंडी झोपली आहे, सगळं ठीक आहे. आवाज इतका गोड काढला की तिची तिलाच लाज वाटली.

मग तिने बाह्या सरसावल्या.

आता या बाईच्या कामात खोट काढायची माझी हिंमत नाही. तिने गाडी न्हाणीघराच्या दारात जुन्या चादरीवर उभी केली, ब्रेक लावला. आधी कोरडी साफसफाई. सांदीकोपऱ्यातला बिस्किटांचा भुगा मऊ ब्रशने काढला, चाकांच्या आसात गुंडाळलेले लांब केस चिमट्याने एकेक करून ओढले. केस सुनेचे होते. ते पाहून आजीला जरा बरं वाटलं, म्हणजे गाडी काही इतकीही जपलेली नव्हती. मूठ तिने ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसली आणि लगेच कोरडी केली, कारण असलं नकली चामडं पाणी प्यायलं की वर्षभरात पापुद्रे सोडतं. चाकं पुसली. सांगाड्याच्या नळ्या पुसल्या. ब्लीचच्या बाटलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

दुधाला गरम पाणी लावलं की डाग शिजतो आणि वास कायमचा मुक्कामाला येतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. गादीचं कापड तिने चेनी आणि टिचबटणं काढून, पट्ट्यांवरून सरकवून सोडवलं, थंड पाण्यात बुडवलं, बाळाच्या साबणाचा पातळ फेस करून शिवणींवर मऊ टूथब्रश फिरवला. घासलं नाही, नुसतं थोपटलं. तीन पाण्यांतून काढलं. पिळलं तर नाहीच. मोठ्या टॉवेलात गुंडाळून वर गुडघा टेकवून पाणी काढलं. मग हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. वास गेला होता.

राहिले पट्टे. खांद्यांवरून येणारे दोन पट्टे दुधात भिजून कडक होऊ लागले होते. धुलाईखान्यात तिचा एकच नियम होता, जे सुटतं ते आधी सोडवायचं, मग पाण्याला लावायचं. बांधल्या गाठीतला मळ कधी निघत नाही, असं ती नव्या बायांना पहिल्याच दिवशी बजावायची. तिने गाडीच्या पाठीमागचं कापड उचकटलं. आत पाठ टेकायची कडक फळी होती. पट्ट्यांच्या टोकांना बोटाएवढ्या चपट्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. त्या आडव्या वळवल्या की फळीच्या चिरेतून बाहेर येत. दोन्ही आल्या. दोन मिनिटांचं काम. तिने पट्टे धुतले, बाल्कनीत सावलीत, वाऱ्याला टाकले, आणि स्वतःसाठी चहा करून बाजूच्या खुर्चीत बसून घेतला. कितीतरी दिवसांनी आपल्याला काहीतरी येतं असं तिला वाटत होतं. सून घरात आल्यापासून ती हळूहळू अडाणी होत चालली होती, निदान तिला तसं वाटायचं. बाळाचं दूध, बाळाची झोप, बाळाची अंघोळ, सगळ्याची नवी रीत होती आणि ती दरवेळी फोनमध्ये निघायची. आज मात्र फोनची गरज पडली नव्हती.

चार वाजता सगळं सुकलं. आता जोडायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आजीच्या स्वतःच्या कधी ध्यानात आली नव्हती. त्या अठ्ठावीस वर्षांत तिने हजारो गाद्यांच्या खोळी, बंद, पट्टे सोडवले, धुतले, घड्या करून हातगाडीत रचले आणि वॉर्डांकडे रवाना केले. ते पुन्हा खाटेवर चढवायचं काम वॉर्डातल्या बायांचं. तिने आयुष्यभर सोडवलं होतं. जोडलं नव्हतं.

तिने कापड आधी फळीवर ताणून बसवलं, टिचबटणं लावली, मागचं कापडही नीट बंद केलं. मग पट्टा हातात घेतला. कापडाला चीर होती. चपटी पट्टी तिने त्या चिरेतून आत सारली, आडवी केली, ती अडकली. दुसरीही तशीच. ती फळीतून पलीकडे गेलीच नव्हती, कापड आणि फळी यांच्या मध्येच बसली होती. पण समोरून बघणाऱ्याला ते दिसणार कसं? गाडीसोबत आलेली पुस्तिका तिने काढली खरी. चित्रात पट्टा चिरेपाशी येऊन तुटक रेघांचा होत होता आणि पुढे एक बाण होता. अक्षरं मुंगीएवढी. चष्मा लावूनही त्यातून हाताला काही कळेना, आणि हाताला जे कळत होतं ते कागदापेक्षा खरं वाटत होतं. तिने पट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला. हलला नाही. झालं.

गुंडी उठली होती. गाडी अशी लखलखत होती की ती घरात ठेवणं आजीला जमेना. तिने गुंडीला बसवलं, पट्ट्यांचं कुलूप खट्कन लावलं, आणि पुन्हा बागेपर्यंत चक्कर मारली. किराणा दुकानदार म्हणाला, नवी घेतली वाटतं. आजी म्हणाली, छे, धुतली. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला अचानक वळणावरून आला आणि आजीने गाडी गपकन थांबवली. गुंडी पुढे झोकली गेली, पट्ट्यांनी तिला धरलं, आणि ती खिदळली. आजीने सायकलवाल्याला दोन शब्द ऐकवले आणि पुढे गेली.

सहाच्या सुमारास सून आली, पाठोपाठ मुलगा. आजीने आधीच ठरवलं होतं की लपवायचं नाही. सुनेने हात धुऊन गुंडीला घेतलं तेव्हाच तिने सगळं सांगून टाकलं, ओकली, गाडी खराब झाली, मी धुतली. दुपारच्या फोनचं तेवढं गिळलं. सून गुंडीला बापाकडे देऊन गाडीजवळ गेली. तिने कापडावर तळहात फिरवला, शिवण उलटून पाहिली, वाकून वास घेतला. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून निकालाची वाट बघत होती आणि हातातला स्वच्छ चमचा पुन्हा पुसत होती.

सून मनापासून म्हणाली की तिला इतकं चांगलं जमलं नसतं. कंपनीच्या माणसांनीसुद्धा असं धुतलं नसतं. मुलगा म्हणाला, माझ्या ऑफिसच्या खुर्च्याही एकदा आईकडे पाठवतो. सून हसली. या घरात आजीच्या कामावर सून इतकी मोकळी हसलेली आजीने प्रथमच पाहिली. मग सुनेने नवऱ्याला सांगितलं की पाळणाघरवाल्या बाईंना ती आत्ताच फोन करून नको म्हणून सांगते, उगाच त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं. आजीने पुसून पुसून चकाकलेला चमचा शेवटी जागेवर ठेवला.

फोनवर बोलायला हात मोकळे हवेत म्हणून सुनेने गुंडीला गाडीत बसवलं. कुलूप लावलं. पट्टे जरा सैल वाटले म्हणून सवयीने उजवा पट्टा वरच्या बाजूला ओढला.

तो तिच्या हातात आला. सगळाच्या सगळा, टोकाच्या चपट्या पट्टीसकट.

सुनेने हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग डावा ओढला. तोही आला. तिने गुंडीला उचललं, छातीशी धरलं, आणि एका हाताने गाडीच्या मागचं कापड उचकटून फळीच्या रिकाम्या चिरांवर बोट ठेवलं.

“आई,” सून म्हणाली, “आज हिला यात बसवून बाहेर नेलं होतंत?”

नाही म्हणता आलं असतं. बघितलं होतं ते फक्त किराणावाल्याने आणि त्या सायकलवाल्याने. पण आजीने अठ्ठावीस वर्षांत डागाला डागच म्हटलं होतं.

“हो. धुतल्यावर नेलं होतं. बागेपर्यंत.”

“रस्ता ओलांडून?”

“हो.”

आणि हो म्हणता म्हणता तिला ती सायकल दिसली. गाडी गपकन थांबलेली दिसली. गुंडी पुढे झोकलेली दिसली. पट्ट्यांनी तिला धरलं होतं, असं तिला वाटलं होतं. धरलं होतं ते नुसत्या कापडाने, आणि तेही कसंबसं, त्या एका वेळेपुरतं. तिने दाराच्या चौकटीला धरलं. तेव्हा ते खिदळणं ऐकून ती निर्धास्तपणे पुढे गेली होती, हे तिला आता सहन होईना.

मुलगा मध्ये पडला. काही झालं नाही ना, पोर तर ठणठणीत आहे, एवढं कशाला, असं काहीबाही बोलू लागला. सुनेने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

आजीला वाटत होतं की हिने आता ओरडावं. भांडं आपटावं, फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवून विचारावं की हे काय शोभेला लावलं होतं का. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, निदान रडता तरी येतं. सून ओरडली नाही. तिने गुंडीला नवऱ्याच्या कडेवर दिलं, जमिनीवर बसली, टिचबटणं काढली, कापड बाजूला केलं, पट्टी कापडातून आणि मग फळीतून पलीकडे नेली, आडवी केली, आणि गाडीच्या चाकाला पाय लावून दोन्ही हातांनी पट्टा जिवाच्या आकांताने ओढला. मग दुसरा. पाच मिनिटांत झालं. तिला सवय होती, ही गाडी तिनेच खोक्यातून काढून जोडली होती. आजी शेजारी उभी राहून बघत होती. काय धरू, काय देऊ, असं तिला विचारायचं होतं, पण धरायला काही नव्हतं आणि द्यायलाही काही नव्हतं.

काम झाल्यावर सून उठली नाही. तिथेच गाडीला टेकून बसली. दोन्ही हात तिने गुडघ्यांखाली दाबले.

“मला फोन का नाही केलात?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“केला होता,” आजी म्हणाली. “एक रिंग वाजली आणि कापला. तू परत केलास तेव्हा चुकून लागला म्हणाले.”

“पण का?”

यावर आजीकडे उत्तर होतं. तू राहू दे म्हणाली असतीस. तू राहू दे म्हणालीस की या घरात माझं काय उरतं, ते मला कळत नाही. मला गुंडी हवी होती, म्हणून मला सगळं येतं असं दाखवायचं होतं. हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि ती जमिनीवर बसलेल्या त्या पोरीकडे बघत राहिली, जिला हे ऐकून काहीच उपयोग नव्हता.

“मी तुमच्यावर रागावले नाही, आई,” सून म्हणाली. “मला भीती वाटली. सोमवारी मी तिकडे बसलेली असेन, तुम्ही फोनवर सांगाल सगळं ठीक आहे, आणि मला वाटेल ठीकच आहे.”

सुनेचा फोन सोफ्यावर पडला होता. मघाशी पाळणाघराचा नंबर काढून ठेवलेला, पडदा विझलेला. सून त्याच्याकडे बघत होती पण हात लावत नव्हती. मुलगा खिडकीशी गेला होता आणि गुंडीला खालची दिव्यांची रांग दाखवत होता, जणू काही ते काम फारच तातडीचं होतं. दोघांपैकी कोणीच ते बोलणार नाही, हे आजीला कळलं. चांगली मुलं होती बिचारी. रात्रभर हळू आवाजात बोलत बसली असती.

“त्यांना हो कळव,” आजी म्हणाली. “सोमवारपासून येते म्हणावं.”

सुनेने मान वर केली. नको म्हणेल, निदान तोंडदेखलं म्हणेल, अशी एक वेडी आशा आजीच्या मनात होतीच. सून म्हणाली, “थोडे दिवस फक्त, आई.” मग तिने फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने ओढून घेतलं नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. हो, सात महिने. हो, नऊ ते सहा. नाही, घरी बघणारं तसं कोणी नाही.

ते शेवटचं वाक्य बहुधा फॉर्मवरच्या कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असावं. सून बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर काही नव्हतं, आणि आजीनेही काही ऐकल्याचं दाखवलं नाही. जेवणाची वेळ झाली होती. मुलाने गुंडीला सुनेच्या कडेवर दिलं आणि ताटं घ्यायला गेला.

गुंडीला यातलं काय कळणार. आईच्या खांद्यावरून तिला आजी दिसली. तिने दोन्ही हात पुढे टाकले, अंग आजीच्या दिशेने झोकून दिलं आणि ओरडायला लागली. आजीचे हात आपोआप उठले, आणि अर्ध्यात थांबले. तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

“घ्या ना, आई,” सून म्हणाली.

आजीने घेतलं. गेल्या सात महिन्यांत हे तिला कधी सांगावं लागलं नव्हतं.